मोठ्या आतड्यापर्यंत काय पोहोचते?

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉ. बी. एस. रामकृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पटकीच्या ४८ रुग्णांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाला नेहमीची जलसंजीवनी दिली, दुसऱ्याला तांदळाचे पीठ घातलेली दिली, आणि तिसऱ्याला मक्याचा असा स्टार्च घालून दिली, जो माणसाच्या लहान आतड्यात पचतच नाही. जुलाबाने हैराण झालेल्या माणसाला न पचणारी वस्तू द्यायची, हे ऐकायला उलटेच वाटते. आपल्याकडे अशा वेळी मऊ भात, पेज, पचायला हलके असेच काही देतात. तरीही नेहमीच्या जलसंजीवनीवर ठेवलेल्या रुग्णांशी तुलना करता तिसऱ्या गटाचे जुलाब लवकर थांबले आणि त्यांच्या शरीरातून बाहेर पडणारे पाणीही कमी झाले. जे पचले नाही त्याने असे काय केले, याचे उत्तर समजून घेतले की ज्वारी, बाजरी, नाचणी आणि कोंड्यासकट दळलेला गहू पोटाला चांगला का, हेही नीट कळते.

आपण खाल्लेल्या अन्नातली साखर, बहुतेक स्टार्च, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यात काही तासांत शोषले जातात. पुढे दीड मीटरचे मोठे आतडे लागते. तिथे उरलेसुरले दिवसभर, कधी दोन-तीन दिवसही राहते. पाणी आणि क्षार शोषून घ्यायचे आणि उरलेले बाहेर टाकायचे, एवढेच या अवयवाचे काम, अशी समजूत फार काळ होती. पण शरीरातील जिवाणूंची सर्वांत दाट वस्ती इथेच आहे आणि त्या वस्तीचे पोट भरते ते वरून येणाऱ्या न पचलेल्या पदार्थांवर. धान्याच्या सालीतले आणि पेशीभित्तिकांमधले तंतू फोडणारी पाचकद्रव्ये माणसाकडे नाहीत, जिवाणूंकडे आहेत. हे तंतू आणि पचनातून निसटलेला स्टार्च आंबवून ते ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोट्या साखळीची मेदाम्ले तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी रक्तातल्या साखरेपेक्षा या ब्युटिरेटवर अधिक विसंबून असतात. त्यांच्या ऊर्जेतला मोठा वाटा त्यातूनच येतो. ही मेदाम्ले शोषली जाताना सोबत सोडियम आणि त्यामागून पाणी आत ओढले जाते. वेल्लोरमध्ये घडले ते हेच. पटकीच्या विषाने लहान आतडे पाणी ओतत होते, तरी खालच्या जिवाणूंना खाद्य मिळाल्याने मोठे आतडे ते पाणी परत घेऊ लागले.

मला मांडायचे आहे ते इतकेच की, पोटाच्या आरोग्यासाठी धान्य जोखायचे असेल तर त्यातले किती पचते एवढे पाहून चालत नाही. मोठ्या आतड्यापर्यंत काय पोहोचते आणि कोणत्या रूपात पोहोचते, हे पाहावे लागते. चोथा म्हणजे पोट साफ करणारा झाडू, ही प्रचलित समजूत खोटी नाही, पण ती अर्ध्यावर थांबते. आतून झाडून नेणे हा त्याचा एक गुण झाला. आतल्या वस्तीला जेवू घालणे हा दुसरा, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा.

ही वस्ती उपाशी राहिली तर काय होते, हे २०१६ साली 'सेल' या नियतकालिकात आलेल्या उंदरांवरच्या प्रयोगात दिसले. लक्झेंबर्गचे महेश देसाई आणि मिशिगन विद्यापीठाचे एरिक मार्टेन्स यांच्या गटाने निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यात माणसाच्या पोटातले मोजके, ओळखीचे जिवाणू सोडले आणि काहींचा आहार तंतूविरहित ठेवला. खायला काही येईना तेव्हा जिवाणूंनी आतड्याच्या अस्तरावरचा श्लेष्माचा थर खायला घेतला, सरपण संपल्यावर कुडाच्याच काटक्या उपसून चुलीत घालाव्यात तसा. थर पातळ झाला आणि बाहेरून दिलेल्या रोगजंतूला आत शिरायला वाट मिळाली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरेच. पण हा श्लेष्माचा थर आपल्यातही आहे आणि तो खाऊ शकणारे जिवाणूही आपल्यातलेच आहेत.

माणसांबाबत विचाराची सुरुवात फार आधी झाली होती. आयर्लंडमध्ये जन्मलेले शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी युगांडात अनेक वर्षे काम केले. मुलांना होणाऱ्या एका कर्करोगाला आजही त्यांचे नाव आहे. इंग्लंडमधल्या रुग्णालयांत रोज दिसणारे मोठ्या आतड्याचे आजार आफ्रिकेच्या खेड्यांत इतके विरळ का, हा प्रश्न त्यांना पडला. १९७२ साली त्यांनी सहकाऱ्यांसह 'लॅन्सेट'मध्ये चक्क मलाचे वजन आणि अन्न शरीरातून बाहेर पडायला लागणारा वेळ यांची तुलना प्रसिद्ध केली. युगांडातल्या खेडुतांचा रोजचा मल इंग्लंडमधल्या लोकांच्या चौपटीहून अधिक भरत होता आणि अन्नाचा प्रवास निम्म्याहून कमी वेळात संपत होता. बर्किट यांची सगळी भाकिते टिकली नाहीत. आतड्याच्या भिंतीला येणाऱ्या फुगवट्यांचे कारण चोथ्याचा अभाव हेच, असे ते सांगत; पुढच्या तपासणीत ते इतके सरळ असल्याचे दिसले नाही. शिवाय दोन समाजांमध्ये चोथ्याखेरीज शंभर गोष्टी वेगळ्या असतात. तरी प्रश्न त्यांनी योग्य जागी रोवला, आणि त्याचे एक उत्तर २०१५ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आले. पिट्सबर्गच्या स्टीफन ओकीफ यांच्या गटाने २० आफ्रिकी-अमेरिकी आणि दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतातील २० खेडूत यांच्या आहारांची दोन आठवड्यांसाठी अदलाबदल केली. अमेरिकींचा तंतूंचा वाटा रोज १४ ग्रॅमवरून ५५ वर गेला, आफ्रिकींचा ६६ वरून १२ वर आला. पंधरवड्यात अमेरिकींच्या आतड्यातली ब्युटिरेटची निर्मिती अडीच पट झाली, आफ्रिकींची निम्म्यावर आली. अस्तराच्या पेशींची वाढ आणि दाह यांच्या खुणाही त्याच क्रमाने एकीकडे सुधारल्या, दुसरीकडे बिघडल्या. त्या आहारांत स्निग्ध पदार्थही बदलले होते, म्हणून सारे श्रेय चोथ्याला देता येत नाही. पण आतड्याचे वातावरण पिढ्यांनी नव्हे तर दिवसांनी बदलते, हे या प्रयोगाने दाखवले.

आता सर्वांत वजनदार आक्षेपाकडे येऊ. वेल्लोरचा प्रयोग छापून आला त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. मोठ्या आतड्यातल्या गाठी काढून टाकलेल्या माणसांना एका चाचणीत कमी स्निग्धाचा आणि भरपूर तंतूंचा आहार दिला, दुसऱ्या चाचणीत गव्हाच्या कोंड्याची जोड दिली. तीन-चार वर्षांनी पाहिले तर गाठी पुन्हा येण्याचे प्रमाण कमी झालेले नव्हते. चोथ्याचे गोडवे गाणाऱ्यांनी हे निष्कर्ष लपवू नयेत. त्यावर दोन गोष्टी मात्र म्हणता येतात. गाठीचा कर्करोग व्हायला बहुधा दहा वर्षे किंवा अधिक काळ लागतो, त्यामुळे तीन-चार वर्षांच्या चाचणीत त्या वाटेचा लहानसा तुकडाच दिसतो. आणि गव्हाचा नुसता कोंडा हा जिवाणूंना फोडायला अतिशय जड पदार्थ आहे. तो मलाचे वजन वाढवतो, पण ब्युटिरेट फार देत नाही. धान्यातून कोंडा वेगळा काढून पुन्हा ताटात वाढला म्हणजे अख्खे धान्य खाल्ले असे होत नाही.

अख्ख्या धान्याबद्दलचा पुरावा प्रामुख्याने दीर्घकाळच्या निरीक्षणांतून आला आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील जिम मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेला आढावा २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात १८५ निरीक्षणात्मक अभ्यास आणि ५८ चाचण्या होत्या. सर्वांत जास्त तंतू खाणाऱ्यांमध्ये, सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत, एकूण मृत्यू आणि हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण १५ ते ३० टक्क्यांनी कमी होते, आणि रोज २५ ते २९ ग्रॅमच्या टप्प्यावर हा लाभ ठळक दिसत होता. अख्खे धान्य खाणारा माणूस एरवीही चालतो-फिरतो, सिगारेट कमी ओढतो, मग श्रेय धान्याचे कशावरून, असे कोणी विचारेल. विचारायलाच हवे. पण प्रमाण वाढेल तसा लाभ वाढताना दिसतो, त्याच आढाव्यातल्या चाचण्यांत वजन, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल उतरताना दिसतात, आणि आतड्यात नेमके काय घडते याची साखळीही हाती आहे. या तिन्ही गोष्टी एका दिशेने बोट दाखवतात, तेव्हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देणे मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी रोज किमान २५ ग्रॅम तंतू, तेही अन्नात मुळातच असलेले, असा सल्ला दिला तो याच पायावर.

हे २५ ग्रॅम आपल्या ताटात कुठून येतील? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या कोष्टकांत उत्तर आहे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १०.२ ग्रॅम तंतू, बाजरीत ११.५, नाचणीत ११.२, जवात १५.६. आणि अख्ख्या गव्हात ११.२. हा शेवटचा आकडा ज्वारीपेक्षा जास्त आहे, याकडे मुद्दाम लक्ष वेधायला हवे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष झाल्यापासून ज्वारी-बाजरी म्हणजे अमृत आणि गहू म्हणजे अपाय, अशी एक वाटणी बोलण्यात रूढ होत चालली आहे. तंतूंच्या बाबतीत तरी तिला आधार नाही. खरी दरी आहे ती अख्ख्या आणि सोललेल्या धान्यात. तोच गहू मैदा झाला की ११.२ चे २.८ होतात. पॉलिश केलेल्या तांदळातही २.८ च आहेत. आणि बिनपॉलिशच्या तांदळातही जेमतेम ४.४, त्यामुळे भातावर जगणाऱ्या कोकणाने आणि गोव्याने नुसता तांदूळ बदलून भागणार नाही. तिथे उकड्या तांदळाच्या पेजेसोबत नाचणी हवी आणि त्याहून अधिक कडधान्य हवे. १०० ग्रॅम अख्ख्या हरभऱ्यात २५ ग्रॅम तंतू आहेत, अख्ख्या मुगात १७, मटकीत १५. मुगाची साल काढून डाळ केली की ते ९ वर येतात. दोन भाकऱ्यांना १२० ग्रॅम ज्वारीचे पीठ धरले तर १२ ग्रॅम झाले, वाटीभर उसळीचे पाच-सहा, आणि पालेभाजी, कांदा, एखादे फळ यांनी उरलेले भरून निघते. हा काही श्रीमंती किंवा परदेशी आहार नाही.

दुकानातली पाकिटे मात्र गोंधळ वाढवतात. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार १०० ग्रॅममागे ३ ग्रॅम तंतू असले की पदार्थाला तंतूंचा स्रोत म्हणता येते आणि ६ ग्रॅम असले की तंतुसमृद्ध. म्हणजे जो मैदा २.८ वर आहे त्यात चिमूटभर कोंडा मिसळला की पहिली पायरी ओलांडली, आणि साधी ज्वारी दुसऱ्या पायरीच्या कितीतरी वर असूनही तिच्या पोत्यावर काहीच लिहिलेले नसते. मल्टिग्रेन लिहिलेला पाव किंवा बिस्कीट हाती आले तर घटकांच्या यादीत पहिले नाव कोणाचे आहे ते वाचावे. मैद्याचे असेल तर बाकीची धान्ये नावापुरती. बाजारातली पांढरीशुभ्र वरईही बहुधा पॉलिश केलेलीच असते. रोज इसबगोल घेतो, मग धान्याची काय गरज, असेही अनेकांना वाटते. इसबगोल पाणी धरून ठेवतो, मल मऊ करतो, बद्धकोष्ठावर तो खरोखर उपयोगी आहे. पण जिवाणू त्याला फारसे आंबवू शकत नाहीत, त्यामुळे त्यांना जेवण त्यातून मिळत नाही.

कोणत्या रूपात पोहोचते, हा मुद्दा इथे उघड होतो. ब्रिस्टलचे केनेथ हीटन आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये गहू अख्खे दाणे, भरड, जाडे पीठ आणि बारीक पीठ अशा रूपांत निरोगी माणसांना खायला दिला. दळण जितके बारीक तितके रक्तातले इन्सुलिन टप्प्याटप्प्याने वर गेले. धान्य तेच, तंतू तेवढेच; पण दाण्याच्या पेशींच्या भिंती शाबूत असल्या की आतला काही स्टार्च पाचकद्रव्यांच्या हाती लागत नाही आणि तसाच खाली जातो. म्हणून ज्वारीच्या कण्या, गव्हाचा दलिया, खपलीची खीर यांचे मोल त्याच धान्याच्या बारीक चाळलेल्या पिठाहून वेगळे आहे. शिजवून गार झालेल्या भातातही स्टार्चचा काही भाग पुन्हा घट्ट होऊन न पचणारा बनतो. फक्त तो भात रात्रभर उघड्यावर न ठेवता फ्रिजमध्ये ठेवावा, नाहीतर त्यात वाढणारे जंतू भलताच त्रास देतील.

आणखी एक आक्षेप २०२१ मध्ये स्टॅनफर्डहून आला. तिथल्या सोनेनबर्ग आणि गार्डनर यांच्या गटांनी काहींना भरपूर तंतूंचा आहार दिला, काहींना दही-केफिर-किमची असे आंबवलेले पदार्थ दिले. आंबवलेल्या पदार्थांच्या गटात जिवाणूंची विविधता वाढली आणि दाहाच्या खुणा उतरल्या. तंतूंच्या गटात विविधता सरासरीने वाढली नाही. मग चोथा निरुपयोगी का? याच सोनेनबर्गांच्या प्रयोगशाळेने २०१६ मध्ये दाखवले होते की कमी तंतूंवर वाढलेल्या उंदरांच्या काही पिढ्यांत जिवाणूंच्या कित्येक जाती नाहीशा होतात आणि पुढे नुसते तंतू देऊन त्या परत येत नाहीत. खाणारेच उरले नसतील तर पान वाढून उपयोग नाही. भारतीयांच्या बाबतीत परिस्थिती अजून बरी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील योगेश शौचे यांच्या गटाने २०१६ मध्ये भारतीयांच्या आतड्यात प्रेव्होटेला या जिवाणूंचे प्रमाण विशेष असल्याचे दाखवले, आणि हे जिवाणू धान्यातले तंतू फोडण्यात वाकबगार मानले जातात. स्वीडनमध्ये ३९ जणांना तीन दिवस जवाच्या दाण्यांचा पाव दिला तेव्हा ज्यांच्या रक्तातल्या साखरेवर चांगला परिणाम झाला त्यांच्यात प्रेव्होटेला अधिक आढळले होते. भाकरीसोबत ताक किंवा नाचणीची आंबील घेण्याची आपली रीत तंतू आणि आंबवण या दोन्ही गोष्टी एका जेवणात आणते. स्टॅनफर्डचा निष्कर्ष तिच्या विरोधात जात नाही, तिला बळच देतो.

अख्ख्या धान्यातले फायटेट लोह आणि जस्त अडवते, हा आक्षेप रक्तक्षयाने ग्रासलेल्या देशात गंभीर आहे. पण मोड आणणे आणि आंबवणे यांनी फायटेट कमी होते, आणि ताटातल्या लिंबाने लोह शोषायला मदत होते. तान्ह्या मुलांसाठी नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून सत्त्व करतात. त्यात चोथा जातो, आणि तेच योग्य आहे, कारण त्या इवल्या पोटात जागा कमी आणि गरज मोठी असते. बाजरीतली काही द्रव्ये थायरॉइडला बाधतात ती मुख्यतः आयोडीन कमी असलेल्या भागात. आयोडीनयुक्त मीठ वापरणाऱ्याने त्यासाठी बाजरी सोडू नये. गव्हातल्या ग्लुटेनने सीलिॲक होणाऱ्यांना तर ज्वारी, बाजरी आणि नाचणी हाच आधार आहे, पीठ गव्हाच्याच जात्यातून आलेले नसले म्हणजे झाले. आतडे अरुंद झालेल्यांनी, क्रोन्स या आतड्याच्या आजाराचा भडका उडालेल्यांनी किंवा चिडखोर आतड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चोथा वाढवू नये. बाकीच्यांना सुरुवातीला गॅस होतो, पोट फुगते. जिवाणू कामाला लागल्याची ती खूण असली तरी सोसत राहण्याची गरज नाही. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू प्रमाण वाढवावे आणि पाणी भरपूर प्यावे.

राहिला परवडण्याचा प्रश्न. शहरांत ज्वारी गव्हापेक्षा महाग झाली आहे आणि ज्याच्या घरी रेशनचे धान्य येते त्याला भाकरीचे गुण ऐकवणे सोपे आहे. त्याच्यासाठी उत्तर गिरणीत आहे. रेशनचा गहू अख्खाच मिळतो. तो जाडसर दळून न चाळता वापरला तर ज्वारीच्या तोडीचे तंतू त्यात आहेत, आणि घरी चाळलेच तर चाळणीत उरलेला कोंडा गुरांना न घालता पिठात परत मिसळला तर दाण्यातले काहीच वाया जात नाही. बाजरीच्या पिठात अंकुरातल्या तेलामुळे काही दिवसांतच कडवटपणा येतो, म्हणून महिनोन्महिने टिकणाऱ्या पाकिटापेक्षा आठवड्याचे दळण गिरणीतून आणणे हीच तिच्यासाठी खरी सोय. पण सगळा भार घरावर टाकणेही बरोबर नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात गहू-तांदळासोबत भरडधान्यांचाही समावेश आहे, आणि शेजारच्या कर्नाटकात रेशनवर नाचणी आणि ज्वारी दिली जाते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सोलापूर, मराठवाड्याच्या कोरडवाहू जमिनीत रब्बीची ज्वारी होते, आणि शेतकरी ती कडब्यासाठी तरी पेरतोच. त्या ज्वारीची हमीभावाने खरेदी करून ती त्याच जिल्ह्यांच्या रेशन दुकानांत आणि शाळांच्या पोषण आहारात नियमित पोहोचवणे हे महाराष्ट्र सरकारच्या आवाक्यातले काम आहे. एक अट मात्र त्या खरेदीच्या आदेशात लिहिलेली हवी: दाणा पॉलिश न करता, अख्खा द्यावा.